पुढचा सामना कधी?

क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर लिहिलं की वाचक जांभई देतात, हा माझा अनुभव आहे. त्यात फुटबॉल, त्यातही बायकांचा, आणि खेळाडू गोल मारणारी नव्हे, अडवणारी. तरी आज स्टेफनी व्हॅन डर ग्राख्त या डच बचावपटूबद्दल लिहायचं मनात आहे. (डच लोक 'ग' घशातून खरवडून काढतात, ऐकायला तो बराचसा 'ख' सारखा येतो. देवनागरीत तो नेमका बसत नाही, तेव्हा उच्चाराबाबत जाणकारांनी सांभाळून घ्यावं.) २०२३ मध्ये तिने खेळणं थांबवलं. तिची कारकीर्द जसजशी समजून घेत गेले, तसतसं आपल्या तलासरी-डहाणूकडच्या मुलींबद्दल जे मला कित्येक वर्षं म्हणायचं होतं ते नीट सापडत गेलं.

आधी तिच्याबद्दल.

जन्म १६ ऑगस्ट १९९२ चा, हॉलंडच्या उत्तरेकडच्या हेरहुगोवार्दचा. अल्कमार या शहराच्या शेजारचं हे गाव. सतराव्या शतकात तळं उपसून काढलेली तिथली जमीन, तळहातासारखी सपाट. पुढे ट्वेंटे, बायर्न म्युनिक, आयाक्स, बार्सिलोना, पुन्हा आयाक्स आणि शेवटी इंटर मिलान असे क्लब ती खेळली. देशासाठी शंभराहून जास्त सामने. उंच, धिप्पाड, बचावफळीच्या मधोमध उभी राहणारी. वाटेत दुखापती इतक्या, की वाचतानाच आपले गुडघे दुखू लागावेत.

२०१७ मध्ये युरोपची स्पर्धा हॉलंडमध्येच झाली. यजमानांनी सहाही सामने जिंकले. अंतिम सामना ६ ऑगस्टला एन्स्खेडे या गावी झाला आणि त्यात डेन्मार्कला ४-२ ने हरवून त्यांनी करंडक घेतला. हे मैदान ट्वेंटे क्लबचं, म्हणजे व्हॅन डर ग्राख्तच्या ओळखीचं. त्या स्पर्धेतली मीडेमा, मार्टेन्स ही गोल करणारी नावं जगभर गेली. सहा सामन्यांत डच संघाने एकूण तीनच गोल खाल्ले, हे मात्र मला मुद्दाम शोधून, बेरीज करून काढावं लागलं. न झालेल्या गोष्टींची नोंद कोण ठेवतो!

दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, फ्रान्समध्ये विश्वचषक झाला. उपांत्यपूर्व सामन्यात इटलीविरुद्ध २-० असा विजय मिळाला, त्यातला दुसरा गोल हिचा. संघ प्रथमच अंतिम फेरीत पोचला. ७ जुलैला लियॉंमध्ये समोर अमेरिका. तासभर डच पोरींनी अमेरिकेला गोल करू दिला नाही. गोलरक्षक सारी व्हान व्हेनेंदालने एकामागून एक फटके अडवले, स्पर्धेतली सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून तिचा पुढे गौरवही झाला. मग एक चेंडू हवेत उडाला. व्हॅन डर ग्राख्तने तो काढायला पाय उंच उचलला आणि बूट लागला तो अ‍ॅलेक्स मॉर्गनला. पंचांनी पडद्यावर पुन्हा पाहिलं आणि पेनल्टी दिली. एकसष्टाव्या मिनिटाला रापिनोने गोल केला, पुढे आणखी एक झाला आणि सामना २-० ने गेला.

जगाच्या अंतिम सामन्यात, कोट्यवधी लोकांसमोर, आपल्या पायाने पेनल्टी दिली जाणं काय असेल याचा विचार करून पाहा. आपल्याकडे एखाद्याचा झेल सुटला तर त्याच्या घरावर दगड मारायला जातात. तिच्यावरही टीका झालीच असणार. पण ती पुढेही खेळत राहिली. चार वर्षं, क्लबाकडून आणि देशाकडूनही. २०२३ च्या विश्वचषकाआधी तिने जाहीर केलं की या स्पर्धेनंतर आपण थांबणार.

त्या स्पर्धेतला तिचा शेवटचा सामना मी पाहिला. ११ ऑगस्ट २०२३, वेलिंग्टन, न्यूझीलंड. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले होते. नातवाने मोबाइल डब्याला टेकवून लावून दिला आणि तो पुन्हा झोपला. समोर स्पेन. बराच वेळ गोल नाही. मग ऐंशीच्या आसपास चेंडू व्हॅन डर ग्राख्तच्या हाताला लागला, पुन्हा पेनल्टी, आणि एक्याऐंशीव्या मिनिटाला मारिओना काल्देन्तेने मारलेला चेंडू खांबाला आपटून आत गेला. म्हणजे २०१९ चीच कथा पुन्हा. मी चहा बाजूला ठेवला.

पुढे जे झालं ते एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं असतं तर मी समासात 'अतिशयोक्ती' असा शेरा मारला असता. वेळ संपत आली म्हणून डच संघाने तिला, म्हणजे बचावपटूला, पुढे पाठवलं. जादा वेळेचं पहिलं मिनिट चालू असताना मागून लांब पास आला. ती धावत सुटली आणि तिने गोलरक्षकाच्या बाजूने, दूरच्या कोपऱ्यात, जमिनीसरशी चेंडू मारला. १-१! ज्या बाईने दहा मिनिटांपूर्वी संघाला खड्ड्यात घातलं असं समालोचक म्हणत होते, तिनेच संघ बाहेर काढला.

आणि तरीही ते हरले. अतिरिक्त वेळेत, १११ व्या मिनिटाला, स्पेनच्या सालमा पारालुएलोने गोल केला. पुढे विश्वचषकही स्पेननेच जिंकला. व्हॅन डर ग्राख्तची कारकीर्द त्या मैदानावर संपली, एकतिसाव्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी.

आता माझा मुद्दा. या सगळ्यात लोकांना भावतो तो शेवटच्या क्षणीचा गोल. मला महत्त्वाची वाटतात ती मधली चार वर्षं. लियॉंनंतर वेलिंग्टनपर्यंत तिला किती सामने मिळाले असतील? दर आठवड्याला क्लबाचा सामना, वर्षातून अनेकदा देशाचा. पाय चुकीच्या क्षणी उचलला गेला, ठीक आहे, येत्या शनिवारी किंवा रविवारी पुन्हा उभं राहायचंच आहे. अशा शेकडो शनिवार-रविवारांतून बचावपटू घडतो. आघाडीचा खेळाडू सोळाव्या वर्षी चमकू शकतो, कारण त्याला दहातला एक प्रयत्न साधला तरी चालतो. बचावपटूला दहाच्या दहा साधावे लागतात. ते अंगात यायला सामनेच खेळावे लागतात, दुसरा उपाय नाही. समोरची आता डावीकडे वळेल की उजवीकडे, हे पुस्तकात शिकवता येत नाही.

हे मी फुटबॉल पाहून शिकले नाही. मला फुटबॉलमधलं ऑफसाइड अजूनही नातवाला विचारावं लागतं. हे मी कबड्डीत पाहिलं. तलासरी तालुक्यातल्या शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवत असे. खेळाचे शिक्षक अर्धा वेळ कुठल्या ना कुठल्या सरकारी कामावर असत, त्यामुळे मुलींचा कबड्डीचा संघ बाईंनी सांभाळायचा असं आपोआप ठरून गेलं होतं. वारली मुली कबड्डीत काय असतात ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन डोंगर चढणाऱ्या पायांत जो तोल असतो तो कुठल्या शिबिरात मिळायचा? चढाईला जायला सगळ्याच तयार, कारण टाळ्या तिथे. कोपऱ्यात उभं राहायला कुणी तयार नसे.

नव्वदच्या दशकात एक मुलगी आली. आठवीतली, बारीक, अबोल. डावा कोपरा तिने स्वतः मागून घेतला. चढाई करणारी आत आली की ही जवळजवळ बसल्यासारखी वाकायची आणि क्षणात घोटा पकडायची. एकदा तालुक्याच्या सामन्यात शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने पुढे. समोरची थोराड मुलगी आत आली. हिने घोटा धरला, पण साखळीतल्या बाकीच्या वेळेवर आल्या नाहीत आणि ती थोराड मुलगी हिला फरफटत घेऊन मध्यरेषेला हात लावून मोकळी झाली. हिच्याशिवाय आणखी एकीला तिचा हात लागला होता. दोन गुण गेले, सामनाही गेला. कोपरं सोलवटलेली, डोळ्यांत पाणी नाही. माझ्याजवळ येऊन तिने एकच विचारलं, "बाई, यांच्याशी परत कधी खेळायचं?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी.

यापेक्षा वेगळं उत्तर द्यायला व्यवस्थेत जागाच नव्हती. शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. हरलात की घरी. याचा अर्थ असा, की तालुक्यातल्या निम्म्या शाळांच्या मुली वर्षभरात एक सामना खेळतात. एक! पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव, की संपलं वर्ष. त्यातही पहिल्या फेरीत जिल्ह्यातल्या तगड्या शाळेशी गाठ पडली तर तेवढंही नाही, पंधरा मिनिटांत निकाल. आठवीत एक, नववीत एक, दहावीत परीक्षा आहे म्हणून बहुतेक नाहीच. मग लग्न, नाहीतर उंबरगावच्या कारखान्यात काम, नाहीतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर. त्या मुलीचा पुढच्या वर्षीचा सामना वेगळ्याच शाळेशी झाला. ज्यांच्याशी परत खेळायचं होतं त्यांच्याशी ती पुन्हा कधीच खेळली नाही. तिच्या अंगात किती खेळ होता हे कुणालाच कळलं नाही. दोन सामन्यांत कळणार तरी कसं?

आपण म्हणतो, आदिवासी मुलींमध्ये उपजत गुण असतात, त्यांना फक्त संधी द्यायला हवी. व्यासपीठावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानाला लागतही नाही. संधी म्हणजे काय, तर एक निवड चाचणी, एक शिबिर, एक ट्रॅकसूट, एक फोटो. उपजत गुण चाचणीत दिसतो तो धावणाऱ्या मुलीचा, घड्याळ लावलं की झालं. अडवणारीचा गुण चाचणीत दिसत नाही. तो पन्नासाव्या सामन्यात दिसतो. सावरपाड्याच्या कविता राऊतने लांब पल्ल्याच्या धावण्यात नाव काढलं याचा मला कोण अभिमान आहे, पण आदिवासी मुलगी म्हटलं की आपल्याला फक्त धावणारीच का दिसते, हा विचार तिच्यासारख्यांच्या यशाच्या आनंदातही मनात येतो.

यावर उत्तर ठरलेलं असतं. हॉलंड श्रीमंत आहे, त्यांचं सोडा. हे उत्तर मला अर्धवट वाटतं. श्रीमंत तर ते आधीही होते. तरी १९५० च्या दशकात डच फुटबॉल संघटनेने क्लबांना बायकांसाठी मैदानं देऊ नका असं बजावलं होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बायकांच्या फुटबॉलला तिथे संघटनेची मान्यता नव्हती. बायकांची राष्ट्रीय पातळीवरची लीग सुरू झाली २००७ मध्ये, तीही सहा क्लबांची. पहिली तीन विजेतेपदं अल्कमारच्या एझेड क्लबाने घेतली आणि २०११ मध्ये त्याच क्लबाने खर्च परवडत नाही म्हणून बायकांचा संघ बंद करून टाकला! विजेता संघ बंद. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आपल्याकडची आश्रमशाळा काय आणि तिकडचा क्लब काय, हिशेबाच्या वहीत पहिली कात्री मुलींवरच लागते. पण लीग टिकली. मधली तीन वर्षं त्यांनी बेल्जियमबरोबर मिळून चालवली, मग पुन्हा आपली स्वतंत्र केली. सुरू झाल्यापासून दहा वर्षांत युरोपचा करंडक घरी आला. दहा वर्षं म्हणजे आपल्याकडे पहिलीत आलेली मुलगी दहावीला बसेपर्यंतचा काळ.

आणि लीगच्या खाली काय, तर गावोगावचे क्लब. तिथे पाच-सहा वर्षांचं पोरगं शनिवारी सकाळी शेजारच्या गावाशी खेळतं. मुली मुलांच्या संघातून खेळू शकतात, त्याला संघटनेचीच परवानगी आहे. हरलं तरी पुढच्या शनिवारी सामना आहेच. कुणी बाद होत नाही.

इथे आणखी एका डच बाईंचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही, कारण त्या आमच्या जातीच्या, म्हणजे शिक्षक जातीच्या! सारिना विगमन. २०१७ चा करंडक जिंकणाऱ्या आणि २०१९ चा अंतिम सामना गाठणाऱ्या डच संघाच्या प्रशिक्षक. पुढे इंग्लंडला त्यांनी २०२२ आणि २०२५ अशा दोन युरोपीय स्पर्धा जिंकून दिल्या. या बाई स्वतः देशासाठी शंभराच्या आसपास सामने खेळल्या आणि त्याच काळात हेगमधल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होत्या. लहानपणी मुलींना खेळायला बंदी होती म्हणून केस बारीक कापून त्या मुलांमध्ये खेळत. आता मला सांगा, आपल्या जिल्ह्यातल्या पीटीच्या बाई, जिथे ते पद भरलेलं आहे तिथे, कुठल्या सामन्यात खेळतात? नोकरी लागली की शिट्टी गळ्यात आणि बूट माळ्यावर. त्यांनाही पुढचा सामना नाही. शिकवणारीच खेळत नसेल तर मुलीला पंचवीस वर्षांची खेळाडू दिसणार कुठे? मुलीला दिसते ती थेट टीव्हीवरची, नाहीतर कुणीच नाही.

पुढचा सामना नसला तर काय होतं, हे आपल्या राज्यातही एकदा फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. २०२२ च्या जानेवारीत बायकांची आशियाई फुटबॉल स्पर्धा महाराष्ट्रात झाली, नेरूळ, अंधेरी आणि बालेवाडी या मैदानांवर. डहाणूहून पहाटेची लोकल धरली तर जाऊन येण्यासारखं अंतर. (करोनामुळे प्रेक्षक आत नव्हते, ते वेगळं.) २० जानेवारीला भारताचा पहिला सामना इराणशी ०-० असा सुटला. भारताच्या कर्णधार मणिपूरच्या आशालता देवी, त्याही बचावपटूच. गोल दिला नाही म्हणजे त्यांचं काम चोख झालं होतं. मग संघात करोना शिरला. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध उभं करायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. नियमाप्रमाणे झालेला सामनाही रद्द धरला गेला. म्हणजे बचावपटूंनी राखलेलं शून्यसुद्धा पुसलं गेलं! मला त्या बातमीने फार वाईट वाटलं होतं. पण आशालता देवींच्या मागे मणिपूरच्या मैदानांची आणि क्लबांची परंपरा होती. त्या खेळत राहिल्या आणि २०२४ मध्ये शंभर आंतरराष्ट्रीय सामने पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून भारतीय मुलींनी २०२६ च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, तीही पात्रता फेरी खेळून. ज्यांना पुढचा सामना मिळतो त्यांचं असं होतं.

त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर २०२२ ला, नेरूळच्या मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. तो एक गोल स्पेनच्या कुणी केला नाही. कोलंबियाची बचावपटू आना मारिया गुझमान हिच्याकडून ब्याऐंशीव्या मिनिटाला स्वयंगोल झाला. सतरा वर्षांची पोर, विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि चेंडू आपल्याच जाळ्यात. आपल्याकडच्या एखाद्या मुलीने खेळच सोडला असता, किंवा घरच्यांनी सोडायला लावला असता. गुझमानचं काय झालं? काही महिन्यांत बायर्न म्युनिकने तिला घेतलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ती मोठ्यांच्या विश्वचषकात खेळली आणि जमैकाविरुद्धच्या बाद फेरीतल्या सामन्यात जो एकमेव गोल झाला, त्याला तिचाच लांब पास होता. कोलंबिया काही श्रीमंतांचा देश नाही.

म्हणून मला वाटतं, की आपण पदकांच्या गोष्टी थोड्या बाजूला ठेवाव्यात आणि सामने मोजावेत. शासन खेळाडूंना नोकरीत पाच टक्के आरक्षण देतं, दहावीला सवलतीचे गुण देतं, चांगलंच आहे. पण ते सगळं वरच्या पायरीला पोचलेल्यांसाठी. जी मुलगी तालुक्यातच पहिल्या फेरीत बाद झाली, तिला पुन्हा मैदानावर आणणारं यात काही नाही. डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्पाखाली आश्रमशाळा आहेत, त्यांच्या प्रकल्पस्तरीय क्रीडास्पर्धा होतात, मुली जीव तोडून खेळतात. त्या स्पर्धा व्हाव्यातच. माझं म्हणणं एवढंच की त्याआधी जवळजवळच्या सहा शाळांनी आपापसांत साखळी पद्धतीने खेळावं. साधं गणित आहे. सहा शाळा, प्रत्येकीचा प्रत्येकीशी एक सामना, म्हणजे प्रत्येक मुलीला पाच सामने. एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या, असं केलं तर दहा. दहा आणि एक, यात फरक किती ते मी गणिताची शिक्षिका नसूनही सांगू शकते.

अडचणी मला ठाऊक आहेत. मुलींना शाळेबाहेर न्यायचं म्हटलं की मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. वाटेत काही झालं तर कागद त्यांच्याच नावाने फाटतात. जुलैत आवणीची कामं, मैदानात चिखल. दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर जातात, बाप किंवा भाऊ गुजरातेत बोटीवर खलाशी म्हणून आधीच गेलेला असतो, आणि धाकट्यांना सांभाळायला मोठ्या मुलीला बोलावणं येतं. हंगाम कुठला धरायचा हा प्रश्न खराच अवघड आहे. सप्टेंबर ते दिवाळी हे सहा-सात आठवडे मला बरे वाटतात. पाऊस ओसरलेला असतो, भात अजून कापणीला यायचं असतं, आणि मुली शाळेत असतात. बोर्डीसारख्या किनाऱ्याजवळच्या शाळांना तर वाळूचं मैदान फुकटच आहे.

हे इथे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना मी कोसबाडची आठवण करून देते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी पोरांना बोल लावला नाही. शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. अंगणात पोरं आहेत तर अंगणात वाडी. एवढा विचार ज्या तालुक्यात झाला, तिथे शनिवारी दुपारी दोन शाळांच्या चौदा-पंधरा मुली चार मैलांवर नेऊन आणणं कुणाला जमू नये? कबड्डीला लागतं काय? फक्की, शिट्टी आणि पंच. फुटबॉलला एक चेंडू आणि चार बांबू.

व्हॅन डर ग्राख्तचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. २०२३ मध्ये तिने बूट काढले त्याच सुमारास, बारा वर्षांपूर्वी बायकांचा संघ बंद करणाऱ्या अल्कमारच्या एझेड क्लबाने बायकांचा संघ पुन्हा उभा केला, आणि त्या संघाची तांत्रिक व्यवस्थापक म्हणून हिलाच बोलावलं. हेरहुगोवार्द तिथून सायकलच्या अंतरावर. बार्सिलोना, मिलान सगळं फिरून बाई गावाशेजारी कामाला लागली.

आमच्या त्या डाव्या कोपऱ्याची मुलगी अधूनमधून डहाणूच्या बाजारात भेटते. भाजी घेऊन बसते. तिची नात यंदा आठवीत गेली. पोरगी शाळेच्या संघात आहे का, असं विचारलं तर म्हणाली, "आहे की, पण सामने कुठं असतात बाई?" त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या दोन शाळांना मी पत्रं पाठवली आहेत. एकाचं उत्तर आलंय. सप्टेंबरचा पहिला शनिवार चालेल, असं त्यात आहे, फक्कीचं पोतं मात्र आम्ही आणायचं.